20 टक्के बिलो

साशंक : ई-निविदा उघडते, तक्त्यात पहिल्या क्रमांकावर एक नाव येतं आणि पुढे आकडा असतो, 20 टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाच्या 20 टक्के खाली. खात्यात त्या आकड्याचं समाधान असतं, कारण सरकारचे 20 टक्के वाचले असा त्याचा अर्थ लावला जातो. मला त्या आकड्याची धास्ती वाटते. अंदाजपत्रक हवेतून पडलेलं नसतं. दरसूचीतल्या प्रत्येक दरामागे दरपृथक्करण असतं. एक घनमीटर काँक्रीटला सिमेंट किती, खडी किती, वाळू किती, मिक्सर किती तास, गवंडी आणि बिगारी किती रोज, खाणीपासून कामापर्यंत लीड किती, हे सगळं त्यात मांडलेलं असतं. त्यावर नफा आणि वरखर्च चढतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग तो 15 टक्के धरतो. म्हणजे 100 रुपयांच्या दरात नफा आणि वरखर्चाचे साधारण 13 रुपये. कंत्राटदाराने एक पैसा नफा घेतला नाही, ऑफिसचं भाडं भरलं नाही, साइटवरच्या इंजिनियरला पगार दिला नाही, तरी 13 रुपयेच सुटतात. वरचे 7 कुठून आले? सिमेंटमधून, खडीतून की मजुराच्या रोजातून, एवढंच विचारायचं राहतं. आणि निविदा मंजूर करताना हे कोणी विचारत नाही.

आग्रही : दरसूचीतला दर म्हणजेच खरा खर्च असं धरलं तरच तुमचा हिशेब बरोबर येतो. पण दरसूची ही सरासरी आहे आणि सरासरीने काम करणारा कंत्राटदार प्रत्यक्षात नसतो. एकाची स्वतःची क्रशर कामापासून 8 किलोमीटरवर आहे, हॉटमिक्स प्लांट उभा आहे, पेव्हर आणि रोलरचं कर्ज फिटलंय, सळई तो थेट कारखान्यातून उचलतो. दुसऱ्याला खडी विकत, यंत्रं भाड्याने आणि सळई तालुक्याच्या दुकानातून उधारीवर आणावी लागते. या दोघांच्या खर्चात 15-20 टक्क्यांचं अंतर सहज पडतं. पहिल्याने 20 टक्के बिलो भरलं तर त्याने चोरी केली असं म्हणता येत नाही. त्याच्याकडे जे आहे त्याचा फायदा त्याने सरकारला दिला. स्पर्धा असते ती याचसाठी.

आता उलटी बाजू बघा. ज्या तालुक्यात दोनच कंत्राटदार आहेत तिथे ते आपसांत ठरवून घेतात, रिंग होते आणि काम 4 टक्के अबव्ह जातं. त्या कामात सिमेंट जास्त पडतं का? मी तरी पाहिलेलं नाही. जादा मिळालेला पैसा कामात न जाता वाटपात जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची गोष्ट जुन्या लोकांना आठवत असेल. खासगी कंपनीची सर्वांत कमी निविदा सुमारे 3,600 कोटींची होती. नितीन गडकरी तेव्हा सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. सरकारने ती निविदा नाकारली, रस्ते विकास महामंडळ उभं केलं, कामाचे तुकडे करून स्पर्धेत टाकले आणि रस्ता सुमारे 1,600 कोटींत झाला. जास्त किंमत दिली असती तर रस्ता अधिक चांगला झाला असता, असं तुम्ही म्हणाल का?

साशंक : नाही म्हणणार. पण तुमचं उदाहरण सर्वांत कमी निविदेच्या बाजूने साक्ष देत नाही. 3,600 कोटींची निविदासुद्धा आलेल्यांत सर्वांत कमीच होती! नियमाच्या अक्षराने गेले असते तर तीच घ्यावी लागली असती. ती नाकारता आली, कारण हा रस्ता किती रुपयांत व्हायला हवा याचा अंदाज मालकाच्या बाजूला कोणालातरी होता, आणि त्या अंदाजावर उभं राहण्याची हिंमतही होती. तिथे मालक शहाणा होता. मी त्या मालकाबद्दल बोलतोय, जो आता बहुतेक ठिकाणी दिसत नाही.

टक्केवारी सोडून तुम्हाला स्लॅबखाली घेऊन जातो. काम घेतलेला कंत्राटदार स्वतः सेंट्रिंग करत नाही. तो ते मुकादमाला उक्तं देतो, चौरस फुटाला इतके. सळई बांधणी टनावर, स्लॅब टाकणं चौरस फुटावर. मुकादमाच्या प्लेटा आणि टेकू भाड्याचे असतील तर भाडं रोज चढतं. स्वतःचे असतील तर पुढची साइट त्यांची वाट पाहत असते. आयएस 456 सांगतं की स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू 7 दिवस ठेवा, त्याहून मोठा असेल तर 14. तुळईचा गाळा 6 मीटरच्या वर गेला तर 21 दिवस. आता सांगा, ज्याला चौरस फुटावर पैसे मिळतात आणि दिवसावर भाडं द्यावं लागतं, तो माणूस 21 व्या दिवसापर्यंत थांबेल कसा? तो वाईट माणूस नसतो. आपण त्याला दिलेल्या दराची रचनाच त्याला दहाव्या दिवशी टेकू काढायला लावते. मुख्य निविदा 20 टक्के बिलो गेली की हा उक्त्याचा दर आणखी खाली येतो, कारण कंत्राटदाराला सिमेंट कंपनीकडून जी सूट मिळत नाही ती मुकादमाकडून मिळते. बिलोचा भार उतरणीने खाली जातो आणि ज्याच्या हातात दर्जा आहे नेमक्या त्याच्यावर येऊन थांबतो.

आग्रही : हे वर्णन मी नाकारत नाही. माझी हरकत निष्कर्षाला आहे. निविदा दरसूचीच्याच दरात मंजूर झाली असती तर मुकादमाचा दर वाढला असता का? बाजारात सेंट्रिंगचा जो भाव असतो तोच कंत्राटदार देतो. त्याला वर किती मिळाले याच्याशी मुकादमाचा संबंध नसतो. म्हणजे टेकू लवकर निघतात याचं कारण उक्त्याची पद्धत आणि साइटवर नसलेला शाखा अभियंता. एका शाखा अभियंत्याकडे तालुकाभर पसरलेली कामं असतात. तो स्लॅबच्या दिवशी येतो, चाचणीचे क्यूब भरून घेतो, मोजमाप पुस्तिका (एमबी) लिहितो आणि दुसऱ्या गावाला जातो. देखरेख नाही म्हणून दर्जा नाही. किमतीला त्यात ओढू नका. आणि किंमत वाढवून देखरेखीची उणीव भरून निघेल असं तर मुळीच समजू नका, कारण वाढलेली किंमत खिशात घालणंही देखरेख नसेल तिथेच सर्वांत सोपं असतं.

साशंक : देखरेखीलाही किंमत आहे, आणि तीही आपण देत नाही, हे आधी मान्य करू. पण दराचा माझा मुद्दा त्याहून आतला आहे. कोणत्याही काँक्रीटच्या बाबीचं वर्णन वाचा. शेवटी ओळ असते, 'टाकणे, घट्ट करणे, पाणी मारणे यासह पूर्ण'. त्या 'यासह पूर्ण'मध्ये सगळा दर्जा कोंबलेला आहे. पाणी मारायला साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस लागतात. त्या 10 दिवसांत साइटवर एक माणूस, पाण्याचा टँकर, गोणपाट लागतं. मराठवाड्यात एप्रिलमध्ये टँकरचा भाव काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. याला स्वतंत्र ओळ नाही, स्वतंत्र माप नाही, स्वतंत्र पैसे नाहीत. स्लॅब टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी घनमीटर मोजून तो बिलात धरता येतो. पाणी मारलं काय, न मारलं काय, एमबीत आकडा तोच. कव्हर ब्लॉक, व्हायब्रेटरची सुई, बांधकाम सांध्याची सफाई, भरावाचे थर 20-20 सेंटीमीटरने चढवणं, मजुरांचा पट्टा आणि जाळी, यांतली बहुतेक कामं दुसऱ्या कुठल्यातरी बाबीच्या पोटात दडलेली असतात. दर कमी झाला की सिमेंटची गोणी शेवटी कापली जाते, कारण तिचा हिशेब तपासतात. पहिल्यांदा हेच कापलं जातं. म्हणून क्यूब पास होतात आणि स्लॅब गळतो. क्यूब प्रयोगशाळेच्या हौदात 28 दिवस पाण्यात असतो, स्लॅब उन्हात असतो.

आग्रही : हा मुद्दा मला मान्य करावा लागतो, आणि मी तो यापूर्वी असा कधी मांडला नव्हता. ज्याला ओळ नाही ते नफ्यातून भरलं जातं, आणि नफा आटला की ते भरलं जात नाही. ठीक. पण मग उपाय दरातच आहे. ओळी वाढवा. पाणी मारण्याची स्वतंत्र बाब करा, दिवसाच्या फोटोसह तिचं माप घ्या. बी-1 ऐवजी बी-2 वापरा, म्हणजे एका टक्केवारीत सगळं गुंडाळलं जाणार नाही.

साशंक : बी-1 चा दोष तुम्ही बरोबर पकडलात. टक्केवारीच्या त्या निविदेत कंत्राटदार एकच आकडा भरतो आणि तो प्रत्येक बाबीला लागतो. दरसूचीत यंत्राच्या खोदाईचा दर सुटसुटीत असतो, तिथे 20 टक्के गेले तरी काही बिघडत नाही. गिलाव्याचा, कोब्याचा, हाताने करायच्या कामाचा दर आधीच ओढाताणीचा असतो, तिथेही तेच 20 टक्के जातात. म्हणून आपल्या इमारतींचा पाया अनेकदा बरा असतो आणि फिनिशिंग रडकं असतं.

पण बी-2 मध्ये दुसरी वाट फुटते. तिथे प्रत्येक बाबीला कंत्राटदार स्वतःचा दर भरतो. हुशार माणूस सुरुवातीच्या बाबींना, खोदाईला आणि पायाच्या काँक्रीटला, चढा दर लावतो आणि शेवटच्या बाबींना पडेल दर. एकूण बेरीज सर्वांत कमी, काम त्याला. पहिल्या दोन चालू (आरए) बिलांत त्याचा पैसा निघून येतो. मग दारं-खिडक्या, रंग, पाण्याच्या लाइनी या राहिलेल्या कामांत त्याला तोटाच असतो आणि तो साइटवर यायचा बंद होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी 80 टक्के होऊन वर्षानुवर्षं थांबलेल्या इमारती दिसतात, त्यातल्या काही अशाच थांबलेल्या असतात. शिवाय तो मालकाच्या अंदाजपत्रकातली चूक आधीच वास काढून ठेवतो. खडक कमी दाखवलाय हे त्याला दिसतं. तो खडकाचा दर वाढवून ठेवतो. 25 टक्क्यांपर्यंत परिमाण वाढलं तरी निविदेचाच दर चालतो, त्यापुढे कंत्राटातलं क्लॉज 38 लागतं आणि वाटाघाटीचं दुकान उघडतं. त्यात जादा बाबींची भर. निविदा उघडली तेव्हा जे काम सर्वांत स्वस्त होतं ते संपताना दुसऱ्या क्रमांकाच्या निविदेच्या पुढे गेलेलं असतं, आणि ही तुलना कोणी करत नाही.

आग्रही : तर मग ठोक रकमेत द्या. ईपीसी. आराखडा तुझा, परिमाण तुझं, खडक लागला तर तुझं नशीब. मालकाने फक्त शेवटी काय हवं ते सांगायचं.

साशंक : तिथे जादा बाबींचं भांडण थांबतं, हे खरं. मुदतही बहुधा सुधारते, कारण वाढलेला प्रत्येक महिना कंत्राटदाराच्या खिशातून जातो. पण आता आराखडा काढणारा अभियंता कंत्राटदाराच्या पगारावर असतो. संहितेत बसेल एवढी किमान जाडी, किमान सळई, किमान निचरा. रस्त्याकडेच्या गटाराची आणि मोऱ्यांची संख्या आधी कमी होते, कारण त्यांचा उपयोग पहिल्या मोठ्या पावसापर्यंत कोणाला दिसत नाही. प्रत्येक पद्धत अनिश्चिततेचा बोजा कोणाच्यातरी डोक्यावर ठेवते आणि ज्याच्या डोक्यावर तो जातो तो त्याची भरपाई शोधतो. बी-2 मध्ये बोजा मालकावर, ठोक रकमेत कंत्राटदारावर. बोजा नाहीसा करणारी निविदा अजून कोणी लिहिलेली नाही.

आग्रही : मला वाटतं, इथे तुम्ही ज्या वाटेवर निघालात तिचा शेवट मला दिसतो आहे आणि त्या शेवटाला माझा विरोध आहे. तुम्ही म्हणाल, किमतीला एकटीला निर्णय देऊ नका, गुणवत्तेला गुण द्या. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांत ती वाट उघडलेली आहे. बांधकामाच्या निवडक कामांत किमतीशिवायच्या निकषांना जास्तीत जास्त 30 टक्के वजन देता येतं. कागदावर हे सुंदर दिसतं. पण ते 30 गुण देणार कोण? तीच समिती, तेच कार्यालय, तोच फोन. आजसुद्धा पात्रतेच्या अटी अशा लिहिल्या जातात की जिल्ह्यात एकच कंत्राटदार बसावा. अमुक क्षमतेचा प्लांट अमुक किलोमीटरच्या आत हवा, ही अट वाचली की कोणाचा प्लांट आहे ते गावातल्या माणसाला कळतं. सर्वांत कमी दराचा नियम आंधळा आहे, हे मान्य. पण त्याचं आंधळं असणं हीच नव्या, ओळख नसलेल्या, वशिला नसलेल्या कंत्राटदाराची एकमेव ढाल आहे. गडचिरोलीतला एखादा लिपिकसुद्धा त्या नियमावर बोट ठेवून मोठ्या माणसाला 'नाही' म्हणू शकतो. 30 गुणांवर बोट ठेवून त्याला तसं म्हणता येणार नाही.

साशंक : हे मी मनापासून मान्य करतो. ज्यांनी स्वेच्छाधिकाराचा दुरुपयोग पाहिलाय त्यांना कमी दराचा नियम सोडवत नाही, आणि ते चूक नाहीत. म्हणून मी 30 गुणांकडे जात नाही. मी एवढंच मागतो की फार बिलो आलेल्या कंत्राटदाराला प्रमुख बाबींचं दरपृथक्करण द्यायला लावा. तुझी क्रशर 8 किलोमीटरवर आहे ना, मग ते लिहून दे. सळई कारखान्यातून घेतोस ना, भाव दाखव. ज्याचा खर्च खरोखर कमी आहे तो एका दिवसात हे देईल.

आग्रही : राज्यात त्यावर उपाय आहेच. बिलो गेलेल्या कंत्राटदाराकडून अतिरिक्त कामगिरी सुरक्षा घेतली जाते. जितका बिलो जास्त तितकी ठेव जास्त. पुढे दोषदायित्व कालावधी असतो, खड्डा पडला तर त्यानेच भरायचा.

साशंक : ठेव घेतल्याने दर खरा होत नाही. उलट ज्याने आधीच पैसा कमी मागितला त्याचा आणखी पैसा पहिल्याच दिवशी बँकेत अडकतो. सुरुवातीचे तीन महिने, जेव्हा सेंट्रिंग आणि सळई घ्यायची, तेव्हाच त्याचा हात आखडतो. दोषदायित्वाचा उपयोग डांबराला होतो, खड्डा लवकर दिसतो. पुलाच्या पायाखालची उणीव पुराची वाट पाहते, आणि मोठा पूर दोषदायित्वाची मुदत पाहून येत नाही.

आग्रही : ठीक आहे. पण आता मी तुम्हाला एक आकडा देतो आणि तुम्ही 20 टक्क्यांवर इतका वेळ घालवलात याचं उत्तर मागतो. गोसीखुर्द सिंचन प्रकल्प. 1983 मधली मूळ मान्यता 372 कोटींची. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. सुधारित प्रशासकीय मान्यता घेता घेता 2016 पर्यंत किंमत 18,494 कोटींवर गेली, जवळपास 50 पट. त्यात भूसंपादन आहे, पुनर्वसन आहे, वाढलेली व्याप्ती आहे, तीन दशकांची महागाई आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू बघा. 1999 मध्ये पायाभरणी, सुरुवातीचा अंदाज 660 कोटी, 2009 मध्ये खुला झाला तेव्हा खर्च सुमारे 1,600 कोटी. आराखडा बदलला, न्यायालयीन खटले झाले. कोणत्या कंत्राटदाराच्या टक्केवारीने हे केलं? बांधकामाची खरी किंमत वेळ ठरवतो, आणि वेळ बहुतेकदा कंत्राटदाराच्या हातात नसतो. जमीन ताब्यात नसताना कार्यादेश दिला जातो, विजेचे खांब हललेले नसतात, वनखात्याची परवानगी यायची असते. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा 2011 मध्ये सुरू झाला. भूसंपादन, कर्नाळ्याचं अभयारण्य, कंत्राटदाराची आर्थिक स्थिती, सगळं एकमेकांत अडकलं आणि दशक उलटूनही कोकणातला माणूस गणपतीला त्याच खड्ड्यांतून गेला. तिथे निविदा 5 टक्के वर गेली असती की खाली, याने काय फरक पडला असता?

साशंक : तुम्ही हे माझ्याविरुद्ध मांडलंत, पण मला यात माझाच मुद्दा दिसतो. जमीन नसताना दिलेल्या कार्यादेशाची किंमत अनुभवी कंत्राटदार निविदा भरतानाच लावतो. त्याला माहीत असतं की 18 महिन्यांचं काम 40 महिने चालणार. तो तेवढ्या महिन्यांच्या यंत्रांचं भाडं आणि व्याज दरात टाकतो. ज्याला हे माहीत नाही किंवा ज्याला काम हवंच आहे, तो टाकत नाही. मग सर्वांत कमी निविदा कोणाची येते? ज्याने धोका ओळखला नाही त्याची! सर्वांत कमी दराचा नियम अशा ठिकाणी सर्वांत काटकसरी माणसाला न निवडता सर्वांत बेसावध किंवा सर्वांत हताश माणसाला निवडतो. आणि मालकाने गोंधळ जितका जास्त घातलेला असेल तितकी ही निवड वाईट होते.

आग्रही : थांबा, हे महत्त्वाचं आहे. म्हणजे तुमचं म्हणणं असं की मालकाचं घर नीट असेल, जमीन हातात, आराखडा पूर्ण, बिलं वेळेवर, तर कमी दराचा नियम चांगला माणूस निवडतो. आणि मालकाचं घर विस्कटलेलं असेल तर तोच नियम वाईट माणूस निवडतो.

साशंक : होय. आणि बिलांचं तर सगळ्यात आधी. 2025 च्या सुरुवातीला राज्यातल्या कंत्राटदारांनी थकीत बिलांसाठी कामं थांबवली, तेव्हा त्यांच्या संघटनांनी थकबाकी सुमारे 89 हजार कोटी सांगितली होती. तो आकडा थोडा इकडेतिकडे धरा, तरी एक साधा हिशेब करून पाहा. 100 रुपयांचं बिल, वर्षभर अडकलं, कंत्राटदाराने 12 टक्क्यांनी कर्ज काढलेलं. व्याज 12 रुपये. नफा आणि वरखर्च मिळून दरात 13 होते. म्हणजे दरसूचीच्या दरात काम घेतलेला माणूससुद्धा वर्षभराच्या थकबाकीत जवळपास फुकट राबला. छोट्या कंत्राटदाराला 12 टक्क्यांनी कर्ज मिळतही नाही, तो खासगी सावकाराकडे जातो. पुढच्या निविदेत हाच माणूस काय करेल? एक तर व्याज दरात टाकेल, म्हणजे वेळेवर बिल न देणारं सरकार स्वतःसाठी रस्ता महाग करून घेईल. नाही तर काम मिळावं म्हणून बिलोच भरेल आणि व्याज कामातून काढेल. त्यात मार्चएंडची भर. फेब्रुवारीत कार्यादेश, 31 मार्चपूर्वी निधी खर्ची टाकायचा, जूनमध्ये पाऊस. कोकणात कामाचे महिने नोव्हेंबर ते मे. त्यातले तीन निविदेतच गेले असतील, तर डांबर पहिल्या सरीत पडणारच.

भाववाढीचंही तेच. मोठ्या कामांत सिमेंट, सळई, डांबर यांना स्टार रेट असतो, बाजारभाव चढला तर फरक मिळतो. छोट्या मुदतीच्या कामांना तो अनेकदा नसतो. 2021 आणि 22 मध्ये सळईचे भाव कसे उसळले ते आठवा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन खोल्या घेतलेला माणूस त्यात सापडला. त्याच्यासाठी पर्याय दोनच होते, काम सोडणं किंवा सळई वाचवणं.

आग्रही : मग सावित्रीच्या पुलाकडे बघा, कारण तिथे आपल्याच राज्यात, आपल्याच यंत्रणेने उलटं करून दाखवलं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसह वाहून गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये, पुढच्या पावसाच्या तोंडावर खुला झाला. देशाचं लक्ष त्या पुलावर होतं, म्हणून निर्णय अडले नाहीत, पैसा अडला नाही. कंत्राटी पद्धती त्याच होत्या, अभियंते तेच होते. त्याच महामार्गावर इतरत्र जे दहा वर्षांत झालं नाही ते इथे एका हंगामात झालं. यातून मी एवढंच काढतो की दराचे नियम बदलण्याआधी मालकाने स्वतःचं काम करावं. तोवर कमी दराचा नियम राहू द्या. तो काढलात तर गोंधळ तसाच राहील आणि वर वशिला येईल.

साशंक : आणि मी म्हणतो, मालक सुधारेपर्यंत तो नियम रोज कुठेतरी बेसावध माणूस निवडत राहील आणि त्याने बांधलेल्या शाळेत मुलं बसतील. त्या मुलांना आपण थांबा म्हणू शकत नाही. म्हणून फार बिलो निविदेचं दरपृथक्करण मागा आणि ते पटलं नाही तर नाकारा.

आग्रही : नाकारणार कोण? जो मालक वेळेवर बिल देत नाही, जमिनीविना कार्यादेश काढतो, त्याच मालकाच्या हातात तुम्ही नाकारण्याचा अधिकार देताय. दरपृथक्करण वाचायला जो अभियंता लागतो तो असता, तर पाणी मारलं की नाही हे पाहायलाही तोच असता.

साशंक : याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी एवढाच फरक करू शकतो की दरपृथक्करण कागदावर राहतं आणि कागद नंतर कोणीही मागू शकतो. पाणी मारलं नाही ही गोष्ट आठव्या दिवशी पुरावा ठेवत नाही. नाकारण्याची कारणं लेखी असतील, जाहीर असतील, आणि तेच दर पुढे दुसऱ्या कामाला स्वीकारले गेले तर ते दिसेल.

आग्रही : म्हणजे तुमचा भरवसा शेवटी बाहेरून पाहणाऱ्यावर आहे.

साशंक : आतल्यावर ठेवून पाहिला. आता बाहेरच्याला सांगायचं ते एवढंच. गावात शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी किंवा रस्ता होत असेल तर फलकावरची एकूण रक्कम वाचून पुढे जाऊ नका. निविदा किती टक्क्यांनी गेली, कार्यादेश कोणत्या महिन्यात निघाला, शेवटचं बिल कधी दिलं गेलं, हे तीन प्रश्न लेखी विचारा. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 2 (ञ) मध्ये कागद पाहण्याबरोबरच प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार नागरिकाला दिलेला आहे. तो स्लॅब टाकण्याच्या आधी वापरा.